पहिल्या पाण्याचा मान

आपला बेडूक मुसळाला बांधून गावात मिरवायला काढलाय, हे डॉक्टर रोझी उजागरे यांना कळलं तेव्हा त्या स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवून ओढत होत्या. नळी अशी ओढायची की टोक डोळ्यांना दिसेनासं व्हावं आणि तरी आतून पोकळ राहावं. बातमी ऐकून बाईंनी हात असा झटकला म्हणतात, की ती काच ओढली जात जात खिडकीतून बाहेर पडली, कडुनिंबाला वळसा घालून चर्चच्या घंटेला जाऊन चिकटली, आणि पुढं कितीतरी दिवस चिमण्या तिथं हवेत रांगेनं बसलेल्या दिसायच्या. चिमण्यांचं राहू द्या. बाई चिडल्या होत्या, एवढं मात्र त्यांचे वैरीसुद्धा मान्य करतात.

"कुणी नेला?" बाईंनी विचारलं.

"धोंडीवाल्यांनी," बायडाबाई म्हणाली. ती बाईंची खोली झाडायची, पाणी भरायची आणि बाई पारनेरला गेल्या की किल्ली सांभाळायची.

"आणि तू दिलास?"

"तुमी न्हवता तवा मागितला, दिला. धोंडीला मागितल्यालं न्हाई म्हनत्यात व्हय कुनी?"

म्हणत नाहीत, हे खरंच. पाऊस ओढ देतो तेव्हा गाव धोंडी काढतं. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुनिंबाच्या डहाळ्या लावायच्या, दोघांनी ते मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि दारोदार न्यायचं. प्रत्येक दारातली बाई त्या बेडकावर तांब्याभर पाणी ओतते. धोंडीसाठी जे मागतील ते द्यायचं, हा नियम खडकदरे गावात कुणीच मोडलेला नाही.

पण साल त्र्याहत्तरचं. मृग निम्मा कोरडा गेलेला, आणि त्याआधीचे दोन पावसाळेही तसलेच. उन्हानं जमीन अशी तडकली होती की काष्टीच्या बाजारात बैल हंबरला की आवाज भेगाभेगांतून येऊन पारनेरला निघायचा. अशा साली बेडूक आणायचा कुठून? विहिरींच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता. अख्ख्या पंचक्रोशीत ठाऊक असलेला एकच बेडूक होता, आणि तो रोझीबाईंच्या लाकडी खोक्यात, मातीच्या ढेकळात झोपलेला होता.

रोझीबाई गावच्याच. त्यांचे वडील याकोब मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. निम्म्या गावाला त्यांनी अक्षरओळख दिली आणि उरलेल्या निम्म्याला छड्या. पोरगी नगरला शिकली, मुंबईला शिकली, मग विलायतेत जाऊन माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूत काचेची नळी खुपसायला शिकली. परत आली ती नगरच्या कॉलेजात शिकवायला. पण तिथं भिंतीभिंतीतून विजेच्या तारा, आणि त्या तारांची गुणगुण तिच्या यंत्रात शिरायची. मज्जातंतूचा आवाज इतका बारीक की त्या गुणगुणीपुढं तो म्हणजे बँडबाजात मुंगीचं कुजबुजणं. म्हणून तिनं सुट्ट्यांत आपलं बिऱ्हाड वीज न पोहोचलेल्या खडकदऱ्यात, शाळेच्या जुन्या दगडी खोलीत हलवलं. ट्रकच्या बॅटऱ्या आणल्या. हादरा बसू नये म्हणून शहाबादी फरशी ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवली, उरलीसुरली गुणगुण अडवायला भोवती कोंबड्यांची जाळी लावली, आणि एक पेटी ठेवली जिच्यातून मज्जातंतूचा निरोप कानाला ऐकू यायचा.

निरोप म्हणजे काय, तर बाईंचं म्हणणं असं. मज्जातंतूच्या सालीला अतिसूक्ष्म दारं असतात. कातडीला काही लागलं, टोचलं, गार वाटलं, की दारं उघडतात. मिठाचे विजेनं भारलेले कण आत घुसतात, आणि त्या घुसण्याचीच खबर मेंदूपर्यंत धावते. हे दार कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. विलायतेतले निम्मे साहेब आहे म्हणायचे, निम्मे छे म्हणून मान हलवायचे.

आणि हा बेडूक सापडला दुष्काळी कामावर, पाझर तलाव खोदताना, माणूसभर खोल. स्वतःच्याच वाळल्या कातडीचं पाकीट पांघरून कोरड्या मातीत झोपलेला. त्या जागी दोन साल पाण्याचा थेंब उतरला नव्हता. बाईंना तो पाहून रात्री जेवण गेलं नाही. कारण पुण्यातल्या एका बड्या साहेबांनी भर सभेत त्यांना सुनावलं होतं, की असा पुरलेला बेडूक पावसानंतर आठवडाभर काही जाणत नाही. त्याच्या कातडीतले मज्जातंतू मरून गेलेले असतात, ते नव्यानं फुटावे लागतात. बाई म्हणाल्या होत्या, मरत नाहीत, नुसती दारं लावून बसतात. साहेब हसून म्हणाले होते, मग दाखवा.

दाखवायचं सोपं होतं. नळी मज्जातंतूत, कातडीवर एक थेंब पाणी. पेटी लगेच बोलली तर बाई खऱ्या, मुकी राहिली तर साहेब खरे. फक्त तो थेंब पहिला असायला हवा. एकदा भिजला की बेडूक जागा, आणि जागा बेडूक काय, कुठलाही बोलतो. पहिलं पाणी त्याच्या अंगाला एकदाच लागणार होतं. कालच बॅटऱ्या पारनेरहून भरून आल्या होत्या. आज बाई ते करणार होत्या.

आणि आज त्याच बेडकावर घरटी तांब्याभर पाणी पडणार होतं.

बाई निघाल्या त्या उंबऱ्याला चप्पल अडकली तरी थांबल्या नाहीत. पहिलं पाणी घालायचा मान सरपंचांच्या, म्हणजे औटींच्या घराचा, हे गावात कुणालाही विचारावं लागत नव्हतं. दारात पोहोचल्या तेव्हा मुसळ खांद्यावर होतं, डहाळ्यांत बेडूक सुतळीनं बांधलेला, अजून ढेकळातच निम्मा. आणि सरपंचांची आई लंकाबाई तांब्या घेऊन पायरीवर उभी.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मावशी, तो तांब्या खाली ठेवा."

सरपंच मच्छिंद्रनाना हसतमुख माणूस. टँकर आला तरी हसायचे, नाही आला तरी हसायचे. "या बाई या. बरं झालं आलात. आपलंच कार्य हाय."

"माझा बेडूक चोरून आणलात आणि वर आपलं कार्य म्हणता?"

"चोरून कसला? मागून. इचारा बायडाबाईला."

"मला विचारलं का?"

"तुमी न्हाई म्हनला असता," नाना म्हणाले, जणू हे न विचारण्याचं उत्तम कारण होतं.

"अहो, त्याच्यावर पाणी पडलं तर माझं सगळं काम बुडेल."

"पानी पडावं म्हनूनच तर चाललंय समदं."

माणसं हसली. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुसळ धरणारा छगन म्हणाला, "रागावू नका बाई, पर गावाला वाटतंय ते सांगतो. तुमी बेडूक कोंडला, म्हनून पाऊस कोंडला."

"गेल्याच्या गेल्या साली पाऊस नव्हता तेव्हा मी इंग्लंडात होते."

"मंग तिकडनं कोंडला आसंल," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

आता बाईंचा बांध फुटला. "लाज वाटते का कुणाला? टँकर आला की घागरीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात. तलावावर डोक्यावर पाट्या वाहून त्यांच्या माना वाकल्या. आणि आज घरोघरचं तेच पाणी एका बेडकावर ओतायचं? याला माझ्या वडिलांनी शिकवलेलं गाव म्हणायचं का?"

कुणी हसलं नाही. लंकाबाईंनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"मंग काय करायचं, रोझे? गप बसून ऱ्हायाचं? तुज्या त्या पेटीत पाऊस आसंल तर काड. मी तांब्या ठिवते खाली."

बाई जास्तच चिडल्या. मज्जातंतू, मिठाचे कण, पुण्याचे साहेब, सगळं जिभेपर्यंत येऊन तिथंच वाळलं. लंकाबाई तांब्या पुन्हा वर उचलत होत्या. तेव्हा बाईंच्या तोंडातून जे निघालं ते ऐकून त्यांचा त्यांनाच संताप आला.

"हा बेडूक कुणाच्या दारातून निघाला?"

"तुमच्या," छगन म्हणाला.

"मग त्याचं माहेर कोणतं?"

तांब्या हवेत थांबला.

"नाना, तुमच्या लेकीच्या लग्नात हळद उतरवायचं पहिलं पाणी कुणी घातलं? माहेरच्यांनी का सासरच्यांनी? माझ्या घरातनं कार्य निघालंय आणि मला पाण्याला बोलावणं नाही. असं कुठं असतं?"

खडकदऱ्यात पाऊस नसला तर माणसं सोसतात. धान्य नसलं तरी सोसतात. पण मानपान चुकला असं कुणी म्हटलं की गावाला ते सोसवत नाही. तिथल्या तिथं दोन तट पडले. एक म्हणे बेडूक सरपंचांच्या दारी आला, आता तो या घरचा. दुसरा म्हणे पाठवणी झालेलीच नाही. कर्जतकडचा एक पाहुणा म्हणाला, आमच्याकडं मामाचा मान पहिला असतो. मग बेडकाचा मामा कोण, यावर बोलाचाली झाली आणि छगनच्या चुलत्याचं नाव पुढं आलं, तो उठून घरी गेला. बाई मधोमध उभ्या. विलायतेत शिकून आलेली बाई बेडकाचं माहेर होऊन भांडत होती, आणि जिंकू लागली होती, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग येत होता.

शेवटी लंकाबाई म्हणाल्या, "रोझी बरोबर हाय. माहेरचा मान पयला. न्हाईतर पाऊस यील आन रुसून माघारी जाईल."

"आये, आगं आपल्या घरचा मान," नाना पहिल्यांदाच न हसता म्हणाले.

"तू गप ऱ्हा. हिच्या बानं तुला बाराखडी शिकवली, त्यात म्हाताऱ्याचं केस पांढरं झालं." मग त्या रोझीबाईंकडे वळल्या. "पर एक हाय. पानी तू घाल, समद्यांच्या देखत घाल, आन पेटी आमाला ऐकव."

"पेटी बोलली तर पाऊस येणार असा अर्थ नाही होत, मावशी."

"ते आमी बघू."

अशी धोंडी उलटी फिरली आणि शाळेच्या खोलीत आली. बाईंनी बेडूक सोडवला. बोटांनी चाचपून पाहिला, कोरडा होता. हायसं वाटायलाही फुरसत नव्हती. पाठीवरच्या वाळल्या पाकिटाला इवलीशी खिडकी पाडली, नवी नळी ओढली, जाळीच्या आत हात घालून श्वास रोखून ती मज्जातंतूत बसवली, टेपरेकॉर्डरची चकरी सुरू केली. दारात, खिडक्यांत, कौलांवर माणसं.

"आता कुणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या. "बोलायचं नाही, खोकायचं नाही."

खडकदरे त्या दिवशी जितकं गप्प झालं तितकं पुन्हा कधी झालं नाही. म्हणतात की तलावावर खडी फोडणाऱ्यांचे हातोडे वरच्या वर थांबले, पारावरची शेळी अर्धं पान तोंडात धरून उभी राहिली, आणि दूर घाटात चढणाऱ्या एसटीनंसुद्धा गिअर बदलायचं पुढच्या वळणावर ढकललं.

बाईंनी ड्रॉपर धरला. थेंब टोकाशी फुगला, लोंबला, पडला.

पेटी मुकी.

लंकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. नानांनी आईकडं पाहिलं. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळून पापणीवर आला, पण तो पुसायला हात हलवणं शक्य नव्हतं. त्यांना पुण्याचे साहेब दिसले, हसताना. मज्जातंतू मेलेत, असं त्यांच्या मनात आलं. दारं कसली, सगळं मरून गेलंय.

टक.

एवढंच. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग दोन जवळजवळ. आणि मग पेटीतून तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. दोन सालांची बंद दारं धडाधड उघडत होती आणि मीठ आत घुसत होतं. रोझीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घामाचं असं त्या अजून सांगतात.

"बोलला," छगन ओरडला, आणि गाव फुटलं. कौलं खडखडली, ट्यूब हलली, नळीचं टोक कट्कन मोडलं. पण टेपवर हवं ते आलं होतं.

"हे पावसाचं बोलणं नाही," बाई गोंगाटात ओरडत होत्या. "ऐका तरी. हे नुसतं मीठ आत जातंय."

"बरोबर," नाना लोकांना समजावून सांगू लागले. "मीठ म्हंजे समुद्र. समुद्र म्हंजे ढग. ढग म्हंजे पाऊस. बाई तेच सांगत्यात."

आणि बेडूक पुन्हा मुसळावर चढला. बाईंनी आता अडवलं नाही. त्यांचं काम झालं होतं. पण घरोघरी पाणी ओतलं गेलं तेव्हा प्रत्येक तांब्यागणिक त्यांनी खिडकीतून एक शिवी घातली, इंग्रजीतून, म्हणजे वडिलांच्या आत्म्याला कळू नये.

पाऊस आला. लंकाबाईंच्या मते त्याच दिवशी दिवेलागणीला, बाईंच्या मते आठवडा उलटून गेल्यावर. सरपंच साडीचोळी घेऊन दारात आले तेव्हा बाई म्हणाल्या, मी पाऊस आणलेला नाही. नाना म्हणाले, मोठी माणसं असंच म्हणतात, आणि साडी टेबलावर ठेवून गेले.

बाई टेपची चकरी घेऊन पुण्याला गेल्या. बड्या साहेबांनी चार माणसं जमवली, डोळे मिटून टेप ऐकली. तडतड संपल्यावर म्हणाले, "छान. हे कुठं केलंत? कुणासमोर?"

खोटं बोलायची सवय नव्हती, हाच बाईंचा घोटाळा. त्यांनी धोंडीपासून सगळं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता गालात हसू लागले, मग चारही माणसं हसू लागली.

"म्हणजे मुसळावरून उतरवलेला बेडूक," साहेब म्हणाले. "सुतळीला ओल नव्हती कशावरून? पाल्याला नव्हती कशावरून? बाई, तो तुमचा गावचा चमत्कार झाला. आपल्याकडं जत्रा वेगळी आणि प्रयोगशाळा वेगळी. पुन्हा करून आणा, मग बोलू."

गावात देवाचं ठरलं, पुण्यात गावठी ठरलं. मधल्यामध्ये मज्जातंतूचा कुणी वालीच नव्हता.

"पुन्हा करून आणू?" बाई उठून उभ्या राहिल्या. "तसा बेडूक मिळायला दोन पावसाळे कोरडे जावे लागतात, साहेब. तुमची खात्री पटावी म्हणून माझ्या तालुक्यानं पुन्हा दोन वर्षं दगड फोडायचे का?"

"मी असं कुठं म्हणालो?"

"असंच म्हणालात. फक्त पंख्याखाली बसून म्हणालात, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही."

परतीच्या एसटीत धो धो पाऊस. छत गळत होतं, लोक भिजत होते आणि कधी नव्हे ते कंडक्टरवर कुणी ओरडत नव्हतं. शेजारची म्हातारी खिडकीबाहेर तळवा काढून बसली होती. रोझीबाईंनी त्या पावसाकडं पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या कपाळाला आठी पडलीय. याच्यामुळे गेला आता आपला प्रयोग, असं मनात आलंय. त्या दचकल्या. आणि मग असा राग आला, असा राग आला, की म्हणतात त्यांच्या बाजूची सीट पुण्यापासून शिरूरपर्यंत वाळून कोरडी ठणठणीत झाली. ज्या माणसानं माझ्या गावच्या पावसाचा मला दुस्वास करायला लावला, त्याला मी सोडणार नाही. पाऊस तालुक्यावर पडू दे, हवा तेवढा पडू दे. तो काही घरातल्या मडक्यात पडत नाही.

शिरूरच्या पुढं हे सुचलं. खडकदऱ्यात उतरल्या त्या भिजत तडक औटींच्या घरी.

"लंकामावशी, तुमची उतरंड रिकामी आहे का हो?"

"दोन साल रिकामीच हाय," लंकाबाई म्हणाल्या. "काय घालायचंय?"

"बेडूक."

लंकाबाईंनी वरच्या मडक्याचं झाकण काढून आत पाहिलं. "दे," म्हणाल्या. "दाणं येईपातुर काय, मडकी बसूनच हायेत. दाणं आलं तर कणगी करू."

पाऊस संपला तसे बेडूक मातीत शिरू लागले. बाईंनी ते ढेकळांसकट मडक्यांत उतरवले, कोरडी माती भरली, वर धान्याला लिंपतात तसं लिंपलं. औटींच्या माजघरात खालपासून वरपर्यंत उतरंडी उभ्या राहिल्या. दोन पावसाळे तिथं थेंब जायचा नव्हता, बाहेर नद्या वाहिल्या तरी.

आठ दिवसांत गावात ठरलं की मास्तरांच्या पोरीनं पुढच्या दोन सालांचा पाऊस मडक्यांत भरून ठेवलाय. दर्शनाला पारनेरहून माणसं येऊ लागली. मच्छिंद्रनाना त्यांना रांगेत उभं करायचे आणि मीठ, समुद्र, ढग असं समजावून सांगायचे. बाईंनी ऐकलं, खडू घेतला, आणि प्रत्येक मडक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: यात पाऊस नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तो त्या अक्षरांवर बायांनी हळदकुंकू वाहिलेलं. बाई संतापल्या. मग जवळ जाऊन बोट लावून पाहिलं. हळद कोरडी होती, कुंकूही कोरडंच होतं.

"तेवढं चालेल," त्या दात-ओठ खात म्हणाल्या. "पण उदबत्तीपलीकडं काही नाही. नारळ जर कुणी इथं फोडलात, तर मी सगळ्यांना बघून घेईन."